गृहोपयोगी विचार : मोटारीची घरगुती हत्यारपेटी

घरांत शिवणयंत्र असलें म्हणजे त्याच्या खणांत तेलाची कुपी, छोटा पेचकस आणि दोनचार जादा सुया ह्या असावयाच्याच. मोटार ही शिवणयंत्राहून कितीतरी अधिक किंमतीची आणि बिघडली असतां कितीतरी अधिक अडचणींत टाकणारी वस्तु. परंतु पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत मोटारीसाठीं म्हणून मुद्दाम ठेवलेलें एकहि हत्यार आढळत नाहीं. डिकीच्या तळाशीं कारखान्यानें दिलेला जॅक व पाना तेवढा असतो, आणि तोहि गाडी घरीं आल्या दिवसापासून पिशवींतून बाहेर निघालेला नसतो. ह्याच्या उलट प्रकारहि दृष्टीस पडतो. एखाद्या हौशी गृहस्थानें शंभर-दीडशें नगांची चकचकीत पेटी विकत आणलेली असते. तींतील निम्म्या नगांचीं नांवेंहि त्याला ठाऊक नसतात, आणि चाक बदलावयाची वेळ आली म्हणजे नेमक्या त्या नटाच्या मापाची गोटी तींत सांपडत नाहीं.

ह्या दोन टोकांच्या मधला मार्ग कोणता, ह्याचा विचार ह्या वेळीं करावयाचा आहे. आरंभींच एक कसोटी सांगून ठेवतों. हत्यार निवडतांना घरांतील सर्वांत धट्ट्याकट्ट्या माणसाचा हात डोळ्यांपुढें आणूं नये. तो माणूस बहुधा कचेरींत असतो किंवा परगांवीं गेलेला असतो. प्रसंग ओढवतो तेव्हां गाडी चालवीत असते ती कॉलेजांत जाणारी मुलगी, नातवंडांना शाळेंतून आणणारे आजोबा, किंवा सासूबाईंना रात्रीं दवाखान्यांत घेऊन निघालेली सूनबाई. म्हणून जें हत्यार ह्यांच्या हातीं चालेल तेंच घराचें हत्यार. जें एकट्यालाच चालवितां येतें तें त्या एकट्याची हौस समजावी. त्याच्यावर घराची भिस्त ठेवूं नये.

जुनी यादी बाजूला ठेवा

कित्येक घरांत वडील मंडळींना मोटारीची चांगली माहिती असते. पण ती असते ॲम्बॅसडरची किंवा प्रीमियर पद्मिनीची. त्या काळच्या गाडीला कार्बुरेटर असे, ठिणगीसाठीं काँटॅक्ट पॉइंट असत. त्या पॉइंटांमधील फट पातळ पात्यांच्या मापानें मधून मधून जुळवून घ्यावी लागे. प्लग काढून घांसणें हें तर महिन्या-दोन महिन्यांचें काम. साहजिकच प्लगचा पाना, फटीचीं पातीं आणि पॉलिशकागद हे त्या पेटींतले मुख्य मानकरी होते. पद्मिनी गेली, ॲम्बॅसडरचें उत्पादनहि २०१४ सालीं बंद पडलें. पुढें १ एप्रिल २०२० पासून देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बी. एस. सहा हें धुराचें मानक लागू झालें. ह्या गाड्यांत इंधन किती फवारावयाचें व ठिणगी केव्हां पाडावयाची ह्याचा हिशेब संगणक करतो; तेथें पेचकसानें जुळविण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. तेव्हां जुनी पेटी आदरानें जपावी, पण नव्या गाडीसाठीं तिच्यावरून यादी करूं नये.

मग घरीं करण्यासारखें उरलें काय? उरलें तें बरेंच आहे, आणि गाडींतील माणसांच्या जिवाशीं त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. टायरांतील हवा, चाकाचे नट, बॅटरी, तेलपाण्याची पातळी, दिवे, फ्यूज आणि वायपर एवढा घरचा प्रांत होय.

आधीं मापणारीं हत्यारें

लोक हत्यार म्हटलें कीं पाना आठवतात. आमच्या मतें पहिली खरेदी मापण्याच्या साधनांची असावी. नट सैल करण्यापेक्षां गाडीची प्रकृति समजून घेण्याचे प्रसंग कितीतरी पटीनें अधिक येतात, आणि त्या कामाला ताकद मुळींच लागत नाहीं.

पहिलें साधन टायरमधील दाब दाखविणारें मापक, म्हणजे प्रेशर गेज. तें खिशांत मावतें आणि फार महागहि नसतें. हवा किती असावी हा आंकडा गाडीच्या चालकाच्या बाजूच्या दाराशीं, चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो. कांहीं गाड्यांत तो पेट्रोलच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस असतो. टायरच्या अंगावर कोरलेला आंकडा पाहून हवा भरणारे पुष्कळ आहेत; परंतु तो त्या टायरला सोसणारा जास्तींत जास्त दाब होय, आपल्या गाडीस योग्य असलेला नव्हे. दाब पाहावयाचा तो सकाळीं, गाडी बाहेर काढण्यापूर्वीं. गाडी चालली कीं टायर तापतो व आंतील दाब वाढतो. पेट्रोलपंपापर्यंत चार-पांच मैल जाऊन घेतलेलें माप म्हणूनच फसवें असतें. दर पंधरवड्यास चारहि चाकें पाहावीं आणि पांचवी स्टेपनी विसरूं नये. वर्षभर न पाहिलेली स्टेपनी नेमकी अडचणीच्या रात्रीं बसलेली निघते.

दाब पाहतांनाच टायरच्या खांचांकडे नजर टाकावी. त्या खांचांच्या तळाशीं ठराविक अंतरावर १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून ह्या उंचवट्यांना मिळाला कीं टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आंकड्यांची खूणहि असते. ‘२३१९’ असें असलें तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. गाडी कमी फिरविणाऱ्या घरांत खांचा शाबूत असूनहि रबर जुनें होऊन चिरतें. तेथें ही खूण विशेष उपयोगी पडते.

दुसरें साधन विजेचा दाब मोजणारें मल्टीमीटर. ह्याचें नांव ऐकून पुष्कळ जण बिचकतात. पण आपणांस त्याचा एकच उपयोग करावयाचा आहे. खटका एकदिश व्होल्टाच्या वीस ह्या आंकड्यावर ठेवावा, तांबडी तार बॅटरीच्या अधिक टोकास व काळी उणे टोकास लावावी. तारांचीं टोकें अँपिअरच्या भोंकांत मात्र घालूं नयेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर साधारण १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ च्या खालीं आंकडा आला तर तिला भरण्याची गरज आहे. १२ च्या खालीं गेला तर ती जवळजवळ रिकामी आहे. मग इंजिन सुरू करून पुन्हां पाहावें. आंकडा चढून १४ च्या आसपास गेला म्हणजे इंजिनावरील अल्टरनेटर बॅटरी भरीत आहे. नव्या गाड्यांत हा आंकडा थोडा वरखालीं होतो, परंतु इंजिन चालू असूनहि तो साडेबारावरच अडून राहिला तर दोष बहुधा भरणाऱ्या यंत्रणेंत असतो, बॅटरींत नसतो. एवढी एक गोष्ट न पाहिल्यामुळें चांगली बॅटरी टाकून नवी आणली जाते, आणि आठ दिवसांनीं नवीहि मान टाकते.

तिसरें साधन ऐच्छिक आहे. डॅशबोर्डाखालीं असलेल्या खोबणींत बसणारा व मोबाइलशीं जोडला जाणारा एक लहानसा वाचक मिळतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला कीं गाडीच्या संगणकानें नोंदविलेला सांकेतिक अंक तो दाखवितो. उदाहरणार्थ, ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्यें इंधन नीट पेटत नाहीं. घरांतील तापमापकासारखाच ह्याचा उपयोग करावा. ताप किती आहे तें कळतें, रोग कोणता तें वैद्यानेंच सांगावयाचें. त्या अंकावरून परस्पर सुटे भाग मागवूं नयेत, आणि मिस्त्रीला दाखविण्यापूर्वीं तो अंक पुसूंहि नये.

चाक बदलण्याचें साहित्य

आतां जेथें खरोखर ताकदीचा प्रश्न येतो त्या विषयाकडे वळूं. लहान मोटारीच्या चाकाचा नट सामान्यतः ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका आंवळावयाचा असतो. गाडीच्या पुस्तिकेंत नेमका आंकडा दिलेला असतो. १०० हा आंकडा धरून हिशेब करून पाहूं. कारखान्यानें दिलेला पाना वीतभराहून थोडा मोठा, समजा २५ सेंटिमीटरांचा, असतो. त्याच्या टोकाशीं सुमारें चाळीस किलो वजनाइतका जोर दिला तर तेवढा पीळ पडतो. दांडा ५० सेंटिमीटरांचा असला तर त्याच कामाला वीसच किलो पुरतात. जो नट सुनेला वा आजोबांना मुळींच हलत नाहीं, तो दुप्पट लांबीच्या दांड्यानें हलतो; माणूस तोच, नटहि तोच. शिवाय कित्येक गॅरेजांत नट हवेच्या बंदुकीनें आंवळतात, तेव्हां ते पुस्तिकेंतील आंकड्याहून पुष्कळच घट्ट बसलेले असतात. म्हणून दांडा ओढून लांब करतां येणारा चाकपाना ही आमच्या यादींतील सर्वांत महत्त्वाची वस्तु होय. त्याला लागणारी गोटी आपल्या गाडीच्या नटावर बसवून पाहूनच घ्यावी. १७, १९ व २१ मिलिमीटर हीं मापें सामान्यतः आढळतात. गोटी आंतून सहा पैलूंची असावी. बारा पैलूंची गोटी घट्ट नटाचे कोपरे लवकर खाते.

जॅक गाडीबरोबर येतो तो बहुतेकांस पुरतो. पण तो लावावयाची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला पुढच्या व मागच्या चाकाजवळ खुणेच्या खांचा असतात. तेथेंच तो लागला पाहिजे, नाहीं तर पत्रा चेपतो किंवा जॅक निसटतो. जॅकसोबत दोन वस्तु घरच्या घरीं तयार करून ठेवाव्या. एक, हातभर लांबीची जाड लाकडी फळी. पावसाळ्यांत ओल्या अंगणांत किंवा रस्त्याच्या कच्च्या कडेला जॅकचा पाय जमिनींत रुततो, तेव्हां ती त्याच्याखालीं घालावी. दुसरी, दोन लाकडी पाचरी. जें चाक उचलावयाचें त्याच्या समोरच्या कोपऱ्यांतील चाकाला त्या पुढून-मागून द्याव्या.

कामाचा क्रम घरांतील सर्वांना तोंडपाठ असावा. गाडी सपाट व टणक जागीं, रहदारीपासून दूर उभी करावी; हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि धोक्याचे दिवे चालू करावे. लाल त्रिकोण गाडीच्या मागें पुरेशा अंतरावर ठेवावा. माणसें सर्व उतरवावीं. नट जमिनीवर चाक टेकलेलें असतांनाच थोडे सैल करावे, आणि मगच गाडी उचलावी. उचललेलें चाक पान्याबरोबर फिरूं लागतें व गाडी जॅकवरून ढळूं शकते. काढलेलें चाक बाजूला न टाकतां गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवावें. जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर टेकेल. नवें चाक बसविल्यावर नट समोरासमोरचे असे आळीपाळीनें आंवळावे, शेवटचा पीळ गाडी खालीं उतरल्यावर द्यावा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हां एकदां पाहावे. ठरलेला जोर होतांच ‘टक्’ असा आवाज करणारा टॉर्कपाना ज्यांना परवडेल त्यांनीं अवश्य घ्यावा. मात्र तो आंवळण्यासाठींच वापरावा, सैल करण्यासाठीं नव्हे.

मुंबई-पुणें द्रुतगति मार्गासारख्या ठिकाणीं रहदारीच्या बाजूचें चाक बसलें तर तें बदलण्याच्या भानगडींत न पडतां माणसांना कठड्यापलीकडे न्यावें व मदत बोलवावी. पेटींत उत्तम पाना आहे म्हणून तो तेथें काढलाच पाहिजे असें नाहीं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावयाची आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, कोणत्याहि कारणास्तव, डोकें वा हात घालूं नये. एकत्र कुटुंबाच्या अंगणांत असें काम निघालें कीं मुलें भोंवतीं गोळा होतात, आणि चेंडू नेमका गाडीखालीं जातो. काम संपेपर्यंत मुलांना आंत ठेवण्यासाठीं एक वडील माणूस नेमावें. गाडीखालीं शिरून करण्याचें काम आमच्या यादींत एकहि नाहीं, आणि म्हणूनच त्यासाठीं लागणारे स्टँड आम्ही सुचविलेले नाहींत.

नव्या कांहीं गाड्यांत स्टेपनीच दिलेली नसते. अशांनीं, आणि खरें म्हणजे सर्वांनींच, गाडीच्या बारा व्होल्टांच्या खोबणीवर चालणारा लहान हवा भरण्याचा पंप बाळगावा. पायपंपाला मांडींतला जोर लागतो; ह्या पंपाला बटण दाबण्यापुरतें बोट लागतें. बिनट्यूबच्या टायरांत खिळा शिरला असेल तर तो रस्त्यांत उपटूं नये. तो आंत आहे तोंवर हवा पुष्कळदां हळूहळू गळते, आणि हवा भरून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जातां येतें.

पाने किती व कोणते

पान्यावरील आंकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर दाखवितो, बोल्टाची जाडी दाखवीत नाहीं. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला बहुधा दहाचा पाना लागतो. जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ सालीं इंग्लंडांत जी पद्धत घालून दिली, तिच्यांत पान्यावर बोल्टाचें माप असे. आजोबांच्या पेटींतील इंची पाने आजच्या गाडीला ‘जवळजवळ’ बसतात ते ह्यामुळेंच. आणि जवळजवळ बसणारा पाना हाच नटाचा शत्रु होय.

जपानी घराण्याच्या गाड्यांत १०, १२ व १४ हीं मापें वारंवार लागतात. युरोपीय घराण्याच्या गाड्यांत १० व १३. एवढे चार पाने, आणि पांचवा हवाच असेल तर १७ चा, इतके पुरेत. प्रत्येक पान्याचें एक टोक बंद कड्याचें व दुसरें उघड्या जबड्याचें असावें. बंद कडें नटाला सर्व बाजूंनीं धरतें. उघडा जबडा दोनच बाजूंनीं. म्हणून पहिला व शेवटचा पीळ कड्यानें द्यावा, मधलें फिरविणें जबड्यानें करावें. स्क्रूपाना पेटींत असूं द्यावा, पण घट्ट नटावर तो चालवूं नये. पकड ही तार धरण्यासाठीं आहे; तिनें नट काढणें म्हणजे नट फुकट घालविणें.

विकत घेतांना पान्यावर क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची खूण पाहावी, आणि जबड्याच्या कडा स्वच्छ व सरळ आहेत कीं नाहींत हें बोटानें चाचपावें. जालंदर, लुधियाना व आपलें नाशिक येथें हीं हातहत्यारें बनतात; त्यांतील चांगला माल आयुष्यभर टिकतो. मोठी पेटी एकदम घेण्यापेक्षां लागतील तसे सुटे नग घ्यावे. त्याच पैशांत दीडशें हलक्या नगांऐवजीं आठ-दहा उत्तम नग येतात. ह्यांखेरीज एक चपटा व एक फुलीचा पेचकस घ्यावा. त्यांचे दांडे जाड असावे, म्हणजे लहान मुठीलाहि पीळ देतां येतो.

बॅटरी व किरकोळ साहित्य

बसलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा हात देण्यासाठीं तारांची जोडी लागते. तांब्याच्या जाड तारा घ्याव्या. बारीक तारा तापतात व गाडी सुरू होत नाहीं. जोडण्याचा क्रम असा : तांबडी तार प्रथम बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, तिचें दुसरें टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचें शेवटचें टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरींतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघत असतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडूं नये म्हणून हा नियम. काढतांना ह्याच्या उलट क्रमानें काढावें. हें सर्व एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बॉनेटच्या आंतल्या बाजूस, इंजिनाच्या आंचेपासून दूर, चिकटवून ठेवावें. रात्रीं अंधारांत पाठांतर दगा देतें.

भगिनींनीं, आणि अंगठी घालणाऱ्या पुरुषांनींहि, बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वीं अंगठी, बांगड्या व घड्याळ उतरवून ठेवावें, आणि लोंबणारा दागिना पदरांत नीट खोंचावा. अधिक टोक व गाडीचा सांगाडा ह्यांच्या मध्यें धातु आला तर तो क्षणांत लाल होतो. ह्याच कारणानें बॅटरीच्या तारा सोडतांना उणे टोक आधीं सोडावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें. टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर तारा सोडून, स्वयंपाकघरांतील खाण्याचा सोडा कोमट पाण्यांत कालवून त्यानें धुवावा, कोरडें पुसावें व थोडें पेट्रोलियम जेली लावावें.

बाकीचें साहित्य साधें आहे. डोक्याला बांधावयाची विजेरी, कारण दोन्ही हात मोकळे हवे, हातमोजे, धुतलेलीं जुनीं सुती फडकीं, एक नरसाळें, त्याच अँपिअरचे चार जादा फ्यूज. फ्यूज उडाला म्हणजे तेथें तार किंवा चंदेरी कागद घालणें हें गाडीला आग लावण्याचें आमंत्रण आहे. इंजिनतेल गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोड्या मिनिटांनीं पाहावें. कूलंटची पातळी डब्यावरील दोन रेघांच्या मध्यें आहे एवढें बाहेरूनच पाहावें. तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडलें तर आंत दाबलेलें उकळतें पाणी तोंडावर उसळतें.

पेटीची सीमा

ब्रेकतेलाची पातळी उतरलेली दिसली तर ती मुकाट्यानें भरून टाकूं नये; ब्रेकपॅड झिजले असल्याची किंवा कोठें तरी गळती असल्याची ती खूण असते. गाडी मिस्त्रीकडे न्यावी. ब्रेक, सुकाणूचक्रांतील हवेची पिशवी, वातानुकूलनाचा वायु, इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या वा संकरित गाडींतील नारिंगी रंगाच्या तारा ह्यांना घरचें हत्यार लावूं नये. नारिंगी तारांत शेंकडों व्होल्टांची वीज असते. विजेची गाडी असलेल्या घरीं पेटी आणखी लहान होते. पण दाबमापक, चाकपाना व बारा व्होल्टांची लहान बॅटरी पाहण्याचें मीटर हीं तेथेंहि लागतातच.

ठेवण्याची व शिकण्याची व्यवस्था

पेटीचे दोन भाग करावे. प्रवासांत लागणारें तें डिकींत, जाड कापडाच्या पिशवींत, पट्ट्यानें घट्ट बांधून. सुटा पाना जोराच्या ब्रेकबरोबर आंत बसलेल्या माणसावर येऊन आदळतो. बाकीचें घरांत एका ठरलेल्या फळीवर, कुलुपाशिवाय. पावसाळ्याच्या आरंभीं प्रत्येक हत्यारावरून तेलाचें फडकें फिरवावें. पेटींतच एक लहान वही असावी : चाकांचा दाब, नटाचें माप, टायरांवरील आंकडे आणि शेवटच्या तपासणीची तारीख ह्यांची नोंद तींत असावी, म्हणजे घरांतील कोणालाहि कोणाला फोन करून विचारावें लागणार नाहीं.

सर्वांत शेवटीं, आणि खरें पाहतां सर्वांत आधीं, एक सकाळ ह्या कामासाठीं काढावी. घरांतील जीं जीं माणसें गाडी चालवितात त्या प्रत्येकानें आपल्या हातानें एक नट सैल करून पुन्हां आंवळावा, एका टायरचा दाब पाहावा, स्टेपनी बाहेर काढून परत ठेवावी. ज्यांचा हात कमी पडेल त्यांना दोष देऊं नये. त्यांच्या हाताला पुरेल असा दांडा दुसऱ्या दिवशीं आणावा. दसऱ्याला गाडीला आपण हार घालतों, हत्यारांची पूजा करतों. त्याच्या आदल्या रविवारीं ही उजळणी दर वर्षीं करावी. त्या दिवशीं कोणाचा नट हलला नाहीं तें वहींत लिहून ठेवावें, आणि दसऱ्याच्या खरेदींत पहिली वस्तु तीच धरावी.